कावेरीच्या हातच्या पोळ्या

"पत्र मिळालं का रे माझं?" व्यंकोजीनं चपला काढायच्या आधी दारातच विचारलं, आणि मी मान हलवून नाही म्हटलं.

पत्र येऊन तेवीस दिवस झाले होते. निळं अंतर्देशीय, त्याचं डावीकडे कललेलं जाड अक्षर. मी ते इतक्या वेळा वाचलं होतं की घडीवर कागद विरायला लागला होता. उत्तराचे चार मसुदे मी लिहिले आणि फाडले. मला एरवी साधी वीजबिलाची तक्रारसुद्धा एका बैठकीत लिहिता येत नाही. पण हे प्रकरण तेवढ्यावर नव्हतं.

पत्रात त्यानं बायकोबद्दल लिहिलं होतं : सकवारच्या पोटाचं ऑपरेशन झाल्यापासून तिच्या तोंडात घास जात नाही. नऊ किलो उतरली. डॉक्टर म्हणतात, मागेल ते द्या. ती कावेरीवहिनींच्या सांज्याच्या पोळीचं नाव काढते, दुसरं काही नाही. वहिनींनी कृती कुठं लिहून ठेवली असेल तर शोध. लवकर कळव.

बंगळूरजवळच्या बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात आम्ही तिघं एकत्र होतो. मी तपासणी विभागात, गुंडो भांडारात आणि व्यंकोजी प्रेसशॉपमध्ये. त्या मशीनींनी तीस वर्षांत त्याचे कान नेले. फोनवर त्याला ऐकू येत नाही, आणि मोबाइलवर आलेला मजकूर घरातलं पोरटोर वाचतं म्हणून तो शिवाजीनगरहून जे. पी. नगरला पोस्टानं पत्र पाठवतो. निवृत्तीनंतर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही कुणा एकाच्या घरी जमतो. अट एकच : प्रत्येकानं घरी केलेला एक जिन्नस आणायचा. दुकानाचं चालत नाही. माझी बायको कावेरी गेल्यावर दोघांनी मला अट माफ केली. "तुझ्या घरी आता करणारं कोण आहे?" असं गुंडो म्हणाला होता. तीन वर्षं मी केळी ठेवतो.

"नाही मिळालं?" व्यंकोजी खुर्चीत बसला. "मी स्वतः टाकलं होतं पेटीत."

"पोस्टाचं काय सांगतोस," गुंडो त्याच्या कानाशी ओरडला. त्यानं डबा उघडून कडबोळ्यांसारखी तळलेली कोडबळी ताटलीत ओतली. "घे. आज तिखट जास्त पडलंय. बायको म्हणाली, तुमच्या मित्रांची तोंडं बंद राहतील."

व्यंकोजी हसला नाही. त्याच्या हातात आज काहीच नव्हतं. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच रिकामा आला होता.

"मग तोंडीच सांगतो," तो म्हणाला. त्याला वाटत होतं तो हळू बोलतोय. शेजारच्या ब्लॉकपर्यंत ऐकू जात होतं. "सकवार खात नाही रे. पेज दिली तर दोन चमचे. सुनेनं सगळं करून बघितलं. दुकानातून होळिगेच्या पोळ्या आणल्या, तिनं तोंडात घालून बाहेर काढल्या. म्हणते, कावेरीची पोळी अशी नसते, ती जिभेवर ठेवली की आपोआप जाते." तो थांबला. "परवा मी करायला गेलो."

"तू?" गुंडोनं डोळे मोठे केले.

"मी. सून ऑफिसला गेल्यावर. सांजा दगड झाला. पोळी लाटण्याला अशी चिकटली की सुरीनं खरवडली. सकवार पलंगावरून बघत होती. म्हणाली, जन्मात कधी चूल बघितली नाहीत, आता कशाला तमाशा? आणि रडायला लागली. तेव्हापासून पेजसुद्धा नको म्हणते."

मी केळ्यांची साल काढत होतो. कुणी मागितलेली नसताना तीन केळी सोलून झाली होती.

"नरसू, वहिनींची वही असेल ना काही? स्वल्प बघ की. बायका लिहून ठेवतात."

"वही नाही," मी त्याच्या कानाशी म्हणालो. हे खरं होतं.

"नीट शोधलंस?"

एवढ्यात माझी सून रम्या चहा घेऊन बाहेर आली. ती पुण्याची. हर्षशी लग्न होऊन दोन वर्षं झाली, म्हणजे तिनं कावेरीला पाहिलेलं नाही. घरूनच काम करते. बोलणं सरळ आणि भरभर. ट्रे ठेवता ठेवता ती म्हणाली, "बाबा, काकांचं लेटर ना? ते ब्लू वालं? ते तर मीच आणून दिलं की तुम्हाला खालच्या बॉक्समधून. तुम्ही वाचत बसला होतात."

रम्याला कळेना आपण काय बोललो. व्यंकोजीचं लक्ष तिच्या ओठांकडे होतं, पण पुण्याचं भरभर बोलणं त्याला ओठांवरून वाचता येत नाही.

"काय म्हणते मुलगी?" त्यानं विचारलं.

गुंडोनं माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत त्यानं माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. हातातलं कोडबळं त्यानं ताटलीत परत ठेवलं. त्यानं व्यंकोजीच्या कानाकडे वाकून फक्त खरं सांगायचा अवकाश होता.

"काय रे?" व्यंकोजी पुन्हा म्हणाला.

गुंडो वाकला. "साखर किती विचारते!"

"अर्धा चमचा," व्यंकोजी रम्याला म्हणाला.

अर्ध्या तासात ते उठले. व्यंकोजीनं जाताना माझा हात धरला. "शोध रे. माळ्यावर, पेटीत, कुठंही. कागदाचा चिटोरा असला तरी चालेल." मी हो म्हणालो. खाली त्याला रिक्षात बसवल्यावर गुंडो त्याच्या शेजारी बसला नाही. "एक मिनिट, अण्णा," रिक्षावाल्याला सांगून त्यानं मला फाटकाच्या आत ओढलं.

"का रे?"

मी फाटकाची कडी उघड-बंद करत राहिलो.

"कृती आहे तुझ्याजवळ?"

मी मान खाली घातली. ती मान होच म्हणत होती.

"आणि देत नाहीस. तिकडं ती बाई मरायला टेकलीय." गुंडोचा आवाज घसरला. "वहिनी गेल्या, त्यांच्याबद्दल बोलू नये. पण सगळ्या बायका म्हणायच्या, कावेरी आतल्या गाठीची आहे म्हणून. सकवारवहिनींनी तीनदा विचारलं, एकदा करून दाखवा म्हणून. तिन्ही वेळा टाळलं. बिचारीनं पुढं विचारणंच सोडलं. माझी बायको अजून म्हणते, एवढी नर्स बाई, लोकांची सेवा करणारी, आणि एका पोळीसाठी इतकं कोतं मन. मी बायकोला गप्प करायचो. आज कळलं, तूही तसलाच."

तो रिक्षात बसला. मी जिना चढून वर आलो, तर रम्या दारातच उभी होती.

"बाबा, माझं काही चुकलं का?"

"नाही."

"मग तुम्ही काकांना का सांगितलं नाहीत?"

मी खोलीत जाऊन दार लावलं.

इथं मला लिहायला जड जातंय. पण व्यंकोजीला लिहिलं, तर इथंही लिहायला हवं. कावेरीनं सांज्याची पोळी आयुष्यात कधी केली नाही. तिची ड्यूटी सकाळी सहाला सुरू व्हायची. पाचच्या बसला ती घराबाहेर असायची. माझ्या आईचे गुडघे गेलेले. ती स्टुलावर बसून सांगायची आणि मी ओट्याशी उभा राहून करायचो. डबा मी करायचो, कावेरीचाही आणि माझाही. पोळीचा हात मला कसा बसला ते सांगता येत नाही. पुस्तकं वाचण्याखेरीज मला नीट जमलेली ती एकच गोष्ट.

पहिल्यांदा डब्यातून पोळ्या नेल्या तेव्हा कँटीनमध्ये गुंडो ओरडला, "अहाहा! वहिनींच्या हाताला सोन्याची कडी करा रे!" मी खालमानेनं हसलो. एवढंच. तेव्हा आमच्या खात्यात एकजण बायकोच्या आजारपणात स्वतः भाकरी करून आणायचा, त्याला सगळे 'अक्का' म्हणायचे. तो बदली मागून गेला. मला बदली मागायचंही धैर्य नव्हतं.

मग दसऱ्याला सगळी बिऱ्हाडं आमच्याकडे आली. पोळ्या मी पहाटेच करून ठेवल्या होत्या. बायकांनी कावेरीला घेरलं. तिनं सगळ्यांच्या डोक्यांवरून माझ्याकडे पाहिलं. मी पाणी आणायला आत गेलो. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सांगून टाका की. त्यात काय लाजायचं?" मी म्हणालो, "पुढच्या वेळी." पुढं बऱ्याच वेळा आल्या. हर्षलाही मी लहानपणीच बजावलं होतं, बाहेर बोलायचं नाही. कावेरीनं पुन्हा विषय काढला नाही.

ती गेल्यावर मी समजूत करून घेतली की तिच्या नावावर एवढं एक कौतुक आहे, ते आता तिचंच राहू द्यावं. मेलेल्या माणसाजवळून काय काढून घ्यायचं? म्हणून तीन वर्षं कढईला हात लावला नाही. तेवीस दिवस उत्तर न देण्याचं कारणही मी स्वतःला हेच सांगत होतो. आणि खाली फाटकाशी गुंडोनं एका दमात मला सांगितलं की तिच्या नावावर काय आहे.

तिला करून दाखवता येत नव्हतं, म्हणून ती टाळत होती. हसून, विषय बदलून, पदर खोचून कामाला लागून. माझी लाज झाकायला तिनं कोत्या मनाची बाई होणं पत्करलं. आणि मला ते एकदाही दिसलं नाही, कारण बायका बोलायला लागल्या की मी पाणी आणायला आत जात होतो.

मी बाहेर आलो. रम्या लॅपटॉपसमोर होती, पण काम करत नव्हती.

"चिरोटी रवा आहे का घरात?" मी विचारलं.

"बारीक रवा? आहे. का?"

"आणि गूळ?"

ती मागोमाग स्वयंपाकघरात आली. मी कणीक भिजवली, तेलात बुडवून झाकून ठेवली. रवा तुपावर मंद भाजला. गुळाचं पाणी उकळून वास बदलेपर्यंत थांबलो, मग रव्यावर ओतून झाकण दाबलं. तीन वर्षांनी करत होतो, पण क्रम चुकत नव्हता. रम्या बाजूला उभी राहून बघत होती. पहिली पोळी फाटली. दुसरी तव्यावर फुगली तेव्हा ती हळूच म्हणाली, "बाबा, हे तुम्हाला येतं?"

"येत होतं."

तिनं घास घेतला. चावायला गेली आणि थांबली; चावायला काही उरलंच नव्हतं. मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि मला वाटतं तिला सगळं समजलं. हुशार मुलगी आहे. "मग आत्ताच घेऊन जाऊ ना काकांकडे! मी कॅब बोलावते."

"घेऊन गेलो तर ते म्हणतील, कावेरीच्या हातची चव आली. आणि मी पुन्हा हसून गप्प बसेन. मी स्वतःला ओळखतो."

"मग सांगा ना त्यांना."

"व्यंकोजीला काहीही सांगायचं तर ओरडून सांगावं लागतं, रम्या. पलंगावर सकवारवहिनी, दारात सून, नातवंडं. असलं ओरडून सांगता येत नाही मला. सरी, ते असू दे. चांगले कागद दे चार."

या वेळी मसुदा केला नाही. लिहिलं की पत्र मला मिळालं होतं, मी खोटं बोललो. लिहिलं की पोळ्या सुरुवातीपासून माझ्या होत्या. कावेरीनं तीन वेळा नाही म्हटलं ते माझ्यामुळं. सकवारवहिनींना हे पान वाचून दाखव आणि गुंडोलाही दे, त्याच्या बायकोपर्यंत पोचू दे. तुझा सांजा दगड झाला कारण पाणी कमी पडलं. रव्याच्या अडीचपट लागतं. लाटण्याला चिकटते म्हणून लाटायचीच नाही. केळीच्या पानावर तेलाच्या बोटांनी थापायची. माझी पोळी पहिले सतरा दिवस फाटत होती. गुरुवारी अकरा वाजता मी सामान घेऊन येतो. वहिनींच्या पलंगासमोर शेगडी मांड. त्यांनी करून दाखवा म्हटलं होतं, तर मी करून दाखवतो. तू शेजारी उभा राहा. दुसरी पोळी तुझी.

त्याखाली सही केली, आणि सहीनंतर लिहिलं : आता मला न येणं शक्य नाही, म्हणून हे आधी पाठवतोय.

सोमवारी दुपारी मी पाकीट घेऊन कोपऱ्यावरच्या पेटीपाशी गेलो. पत्रं काढायची वेळ तीन वाजता, असं तिच्यावर रंगवलेलं होतं. पावणेतीन झाले होते. पाकीट फटीत घातलं, अर्धं बाहेर ठेवून धरलं, मग सोडलं. आत पडल्याचा आवाज अगदी लहान झाला. घरी जावं असं वाटलं, पण पाय निघेनात. मी तिथंच पावट्याच्या शेंगा विकणाऱ्या बाईच्या छत्रीच्या सावलीत उभा राहिलो.

तीन वाजून दहा मिनिटांनी पोस्टाचा माणूस स्कूटरवरून आला. कुलूप काढून त्यानं हात घातला. चार-पाच पत्रं होती. माझं सगळ्यांत जाड. मला टक लावून बघताना पाहून तो थांबला. लोक असे येत असावेत त्याच्याकडे.

"काय तात, टाकलेलं परत हवंय का?" त्यानं कन्नडमध्ये विचारलं. पाकीट अजून त्याच्या हातात होतं.

"बेडा," मी म्हणालो. नको.

त्यानं ते थैलीत टाकलं आणि थैलीचं तोंड आवळलं.