मोड आणणारा पंचा

मित्रांनो, मी एक जुना पंचा आहे आणि आज माझं डोकं पार फिरलं आहे.

एके काळी मी बहिरूबाबांच्या खांद्यावर मिरवायचो. भाजी घेऊन ते नाशिकच्या मार्केटला निघाले की त्यांचा घाम पुसायचो. बाबा गेले आणि त्यांच्या बायकोने, लंकाबाईंनी, मला स्वयंपाकघरात आणलं. भिजवलेली मटकी माझ्यात बांधायची, मोड आले की उसळ करायची. त्या उसळीचं लोक नाव काढायचे.

पण लंकाबाई पेरणीचं बीही माझ्यातच बांधू लागल्या. कारल्याचं, गिलक्याचं बी मोड आणून लावलं की सगळे वेल बरोबरीने उगवतात, हे कबूल. पण हल्ली दुकानातलं बी कीड लागू नये म्हणून विषारी औषध लावलेलं, गुलाबी येतं. ते आणि मटकी एकाच पंच्यात? अहो, काही ताळतंत्र? पण पंच्याचं ऐकतो कोण!

परवा त्यांनी पेरायची, औषध लावलेली चवळी भिजवून माझ्यात बांधली. गुलाबी रंग पाण्यात उतरला, बी खायच्या चवळीसारखं दिसू लागलं. दुसऱ्या दिवशी मला गाठ मारलेला तसाच टांगून त्या मळ्यात सऱ्या पाडायला गेल्या. दुपारी त्यांचा मुलगा संतोष सातपूरच्या कारखान्यातून पहिली पाळी करून आला. मला बघून त्याने आईला फोन लावला, मोड आलेत, काढू का? त्या म्हणाल्या, लगेच काढ, लांबले तर मोडतील. झालं! त्या पेरणीचं बोलत होत्या, हा उसळीचं. पठ्ठ्याने चवळी सरळ कुकरला लावली.

लंकाबाई बी न्यायला आल्या, तेव्हा सहा वर्षांची नात आरोही पहिला घास उचलत होती. त्यांनी ताटच हिसकावलं.

"दिसायला तर चवळीच होती," संतोष पुटपुटला.

"काढ म्हनले ती मीच," लंकाबाई आरोहीचा हात धुवत म्हणाल्या. "पोरीच्या पोटात गेलं असतं रे."

उसळ खड्ड्यात पुरली. वाटलं, आता माझीही सुटका होईल. कसचं काय! तीनदा साबण लावून मला तारेवर वाळत घातलंय. गुलाबी डाग तसाच आहे. सुनेने, तेजस्विनीने, टाकून द्या म्हटलं, तर म्हणतात, "त्यांचा पंचा हाय, टाकवत नाय."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं तुम्हाला सगळेच सांगतात. मी हात जोडून सांगतो, मला जपू नका. आत मटकी भिजत पडली आहे आणि मी वाळत आलो आहे.