फान सरांची घड्याळाबद्दलची तक्रार

मी पोकरचे डाव टिपून ठेवणारा प्रोग्राम बोलतोय. तुमच्यापैकी बहुतेकांनी मला पाहिलेलं नसेल, आणि पाहिलं असतं तरी आकड्यांचं गिचमिड म्हणून तोंड फिरवलं असतं. माणूस कॉम्प्युटरवर पोकर खेळायला बसला की मी कोपऱ्यात ठाण मांडतो. कोणी पैज वाढवली, कोण घाबरून पत्ते टाकून मोकळा झाला, कोण नुसत्या थापा मारतो, सगळं टिपतो. मग प्रत्येक खेळाडूच्या नावाखाली त्याच्या सवयींचे बारीक आकडे मांडतो.

माझा जन्म शिन्पू नावाच्या गावात झाला, येन-थिंगच्या माडीवरच्या खोलीत. कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यातली चांगली नोकरी सोडून तो मला घडवत बसला, म्हणून त्याची आई माझ्यावर खार खाऊन असायची. "एवढं शिकला आणि जुगाऱ्यांचा कारकून झाला," असं ती शेजारणीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायची. त्याने माझं नाव ठेवलं शाओछाओ. परीक्षेला मुलं बाहीत लपवून नेतात ना, त्या चिठ्ठीला आमच्याकडे शाओछाओ म्हणतात.

नाव ऐकून फान सर पोट धरून हसले. येन-थिंगला त्यांनी शाळेत गणित शिकवलेलं. "आठवीत तुझी चिठ्ठी मीच पकडली होती, आणि आता मलाच विकायला आलास होय रे?" असं म्हणत त्यांनी मला आपल्या कॉम्प्युटरवर घेतलं. निवृत्तीनंतर सर सकाळी चहा घेऊन पोकरला बसत. पैजा बेताच्या, पण डोकं सुरीसारखं चाले.

मला वापरणाऱ्यांचा एक गट होता. त्यांच्या सूचना रोज येत. एकाला माझा रंग गडद हवा, एकाला आकडे मोठे हवेत, एक म्हणे मी हरायला लागलो की मला शिव्या देऊन उठव. येन-थिंग त्यातलं जमेल ते करी. शिवाय सगळे आपापले डाव एका सामायिक साठ्यात टाकत. जो देईल त्याला इतरांचं बघायला मिळे. सर्वांत जास्त डाव सर देत. "शिकवलेलं झाकून ठेवायचं नसतं," एवढंच त्यांचं म्हणणं.

गटाची एक रीत होती, तीही सरांनीच घालून दिलेली. अडलेला डाव सल्ल्यासाठी मांडायचा तर खेळाडूंची नावं काढायची आणि शेवटी कोण जिंकलं ते झाकायचं. नाव दिसलं की लोक भीड धरतात, आणि निकाल दिसला की प्रत्येकाला अक्कल फुटते.

मला घड्याळ लावायची सूचनाही सरांचीच. "कोण किती वेळ विचार करतो तेही दाखव की. मनातली खरी अडचण तिथे कळते." येन-थिंगला ती फार आवडली. त्याने नवा रकाना काढला. मला तेव्हा अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू.

पुढच्या हिवाळ्यात त्या रकान्यात सरांचा आकडा वाढू लागला. साध्या सोप्या डावालाही त्यांना वेळ लागे. पैज आपणच वाढवली आहे हे विसरून ते पुन्हा वाढवत. एकदा तर पुढचं पान फुकट बघायला मिळत असताना त्यांनी चांगले पत्ते टाकून दिले. असं काल शिकलेलं पोरही करत नाही. मी टिपत राहिलो. मला दुसरं काय येतं?

साठा सामायिक, त्यामुळे तो आकडा सगळ्यांना दिसत होता. सर बसले की त्यांच्या टेबलाच्या रिकाम्या खुर्च्या भराभर भरू लागल्या. ज्यांना सरांनी हाताला धरून खेळ शिकवला तेच आधी येत. सर खूश. गटात त्यांनी लिहिलं, "हल्ली मुलांना माझ्याकडून शिकायची फार हौस आली आहे." त्यावर कुओ नावाच्या एकाने तेवढा हसरा चेहरा टाकला. त्या चेहऱ्याची मला आजही चीड येते.

मग सरांची तक्रार आली. "येन-थिंग, तुझं घड्याळ चुकतं आहे. मी पूर्वीइतक्याच वेळात खेळतो आणि हा प्रोग्राम भलताच आकडा दाखवतो. दुरुस्त कर."

येन-थिंगने मला उघडून ओळ न ओळ तपासली. दुपार गेली. घड्याळ ठणठणीत होतं. त्याने मानेवरून हात फिरवला, थोडा वेळ खिडकीशी उभा राहिला आणि परत येऊन माझ्यात एक ओळ घातली. सरांच्या कॉम्प्युटरवर त्यांचा जुनाच आकडा दिसावा, अशी. "चूक होती सर, काढून टाकली," त्याने कळवलं. इतरांना खरं, एकाला खोटं. माझा जीव टांगणीला लागला, पण घडवणाऱ्याच्या हाताला मी कसा धरणार?

सरांनी आभार मानले, आणि आपलं डोकं शाबूत आहे या भरवशावर मोठ्या पैजांच्या टेबलांवर बसू लागले.

काही आठवड्यांनी काकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा फोन आला. "अरे, हे दिवसभर त्या खेळालाच चिकटलेत. पेन्शन बुडवतायत. उठा म्हटलं तर म्हणतात, येन-थिंगने तपासलंय, मी बरोबर खेळतोय. तू असं सांगितलंस?"

"हो काकू," येन-थिंग म्हणाला.

रविवारी तो मला लॅपटॉपवर घेऊन सरांकडे गेला. काकू दारात बसून सुकवायची पर्सिमनची फळं सोलत होत्या. येन-थिंगने सरांसमोर काही डाव उघडले. रीतीप्रमाणे नावं काढलेली, निकाल झाकलेले.

"सर, एका खेळाडूला सल्ला हवाय."

सरांनी चष्मा चढवला. सावकाश, एकेक पान बोटाने दाखवत वाचलं. त्या दिवशी त्यांचं डोकं लख्ख होतं.

"पाया पक्का आहे याचा. कोणीतरी नीट शिकवलंय," ते म्हणाले. "पण आता हात पत्त्यांवर आणि मन भलतीकडे. आणि हे शेजारचे बघ, आयत्या ताटावर बसलेत मेले. उठवा याला."

"कोणी उठवायचं?"

"ज्याच्यावर त्याचा भरवसा असेल त्याने. कोण आहे हा?"

येन-थिंगने मान खाली घातली. दारातली काकूंची सुरी थांबली. सरांनी तिकडे पाहिलं, मग येन-थिंगकडे, मग माझ्याकडे.

"घड्याळ दुरुस्त केलं होतंस ना रे?"

"घड्याळ बरोबरच होतं, सर."

सरांनी खुर्ची पुढे ओढली. "तो फुकट पानाचा डाव परत दाखव." पाहून झाल्यावर म्हणाले, "शून्य मार्क. आणि एक सूचना लिहून घे. तो वेळेचा रकाना साठ्यात जाऊ देऊ नकोस. ज्याचा त्याला दिसू दे, इतरांना नको."

"आणि तुमचे डाव काढून टाकू का?"

"राहू देत. चुका बघूनही मुलं शिकतात."

रकाना साठ्यातून गेला. गटातले दोघे-चौघे चिडून निघून गेले, त्यात कुओही होता. तेव्हापासून सर खेळलेले नाहीत.

मी अजून त्यांच्या कॉम्प्युटरवर आहे. सकाळी काकू मला उघडून देतात आणि सर जुने डाव वाचत बसतात. मला नवनवे रकाने सुचवणाऱ्यांनो, खुशाल सुचवा, पण तो आकडा ज्याच्या नावाखाली पडणार आहे त्याच्या शेजारी जाऊन बसायची तयारी असेल तरच सुचवा. मला आकडा मांडता येतो, शेजारी बसता येत नाही.

परवा सरांनी एका डावावर बोट ठेवून काकूंना हाक मारली. "हे बघ, काय सुरेख खेळलाय. कोण आहे हा?"

नाव तिथेच लिहिलेलं होतं. काकूंनी ते वाचलं, हात कपड्याला पुसले आणि सरांजवळ खुर्ची घेतली.

"आहेत एक गणिताचे सर," त्या म्हणाल्या. "पुढचा डाव दाखवा त्यांचा."