भिवाच्या रक्ताला मिळालेली शाल

२०१८ सालची गोष्ट. पिंपळे गुरवच्या विहारात जयंतीला रक्तदान शिबिर भरायचं. ज्याचं हिमोग्लोबिन सर्वांत जास्त भरेल त्याचं नाव माईकवरून पुकारायचं आणि त्याला शाल द्यायची, अशी तिथे प्रथाच पडली होती. लागोपाठ दोन वर्षं ती शाल सोजरबाईंच्या नवऱ्याच्या, भिवाच्या खांद्यावर पडली. आधी भोसरी, मग चाकण, तीस वर्षं फाउंड्रीत ओतीव माल घासणारा माणूस. सोजरबाईंचं स्वतःचं रक्त आठाच्या वर कधी गेलं नव्हतं, पण "ही माझ्या हाळिवाच्या लाडवांची करामत," असं त्या गल्लीभर सांगायच्या.

त्या वर्षी तपासणीला भिवाची पुतणी मैत्री बसली होती, नुकताच लॅबचा कोर्स झालेली. आकडा आला एकोणीस.

माईकवरचा धम्मरत्न ओरडला, "राव, भिवाआण्णांच्या अंगात दोघांचं रक्त हाय! वहिनींच्या वाट्याचंबी यांनीच ढापलं!"

मंडपात हशा पिकला. मैत्री मात्र हसली नाही. तिने काकांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. शहाऐंशी. पंच्याण्णवच्या वर हवा होता.

"काका, रक्त द्यायचं नाही. उद्या दवाखान्यात चला, नळीत फुंकून छाती तपासायचीय."

"न्हाई फुंकायचं," भिवा म्हणाला. "रिटायरला चौदा महिने राहिलेत. छाती खराब आली की कंपनी घरी बसवंल."

घरी परतताना तो नेहमीसारखा पहिल्या मजल्यावर थांबला. "ये दमानं. तुझे गुडघे..."

सोजरबाईंचे गुडघे त्या दिवशी मुळीच दुखत नव्हते. त्यांनी वर पाहिलं. श्वासागणिक त्याच्या गळ्याजवळचा खळगा आत ओढला जात होता.

"माझ्या गुडघ्यांचं नाव करून तुमीच दम खात होता व्हय?"

भिवाने कठडा सोडला नाही. दुसऱ्या दिवशी तो मुकाट्याने पिंपरीच्या दवाखान्यात आला.

नळीत त्याने जीव खाऊन फुंकलं. हवी त्याच्या निम्मीही हवा निघाली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फाउंड्रीतल्या धुळीने फुप्फुसं निकामी होत चाललीत. प्राणवायू रक्तात कमी उतरतो. मग तो वाहून न्यायला शरीर जास्त तांबड्या पेशी तयार करतं. त्या हाडांच्या पोकळीत बनतात."

"पण हाडांना सांगतं कोण?" सोजरबाईंनी विचारलं.

"मूत्रपिंडं. प्राणवायू कमी पडला की ती निरोप धाडतात."

सोजरबाई बघतच राहिल्या. तीस वर्षं त्यांनी या माणसाचे काळे कपडे पिळले, त्याच्या शेजारी जेवल्या, भांडल्या. आणि त्याच्या आत कुणाला न विचारता हे निरोप जात होते, कामं वाटून घेतली जात होती.

"म्हंजी छातीचं काम रक्तानं ओढलं? ओव्हरटाइम?"

"बिनपगारी," भिवा म्हणाला, आणि हसता हसता त्याला ठसका लागला. सोजरबाईंनी त्याचं मनगट धरलं. आत टकटक चालू होती. शाल चुकीच्या कारणाने मिळाली होती, पण पडली होती ती योग्य जागी, असं त्यांना वाटलं.

कंपनीने दोन महिन्यांत भिवाला खरंच घरी बसवलं. धूळ सुटली आणि घरी ऑक्सिजनचं यंत्र आलं, त्यावर तो आणखी पाच वर्षं जगला. मैत्री आता चाकणला एका लॅबची प्रमुख आहे. धम्मरत्नाने शालीची प्रथा बंद केली. आता शिबिरात आधी प्रत्येकाच्या बोटाला चिमटा लागतो. हाळिवाचे लाडू सोजरबाई स्वतः खातात, रक्त दहावर आलंय. जिना चढताना पहिल्या मजल्यावर त्या अजून थांबतात. गुडघे दुखत नसले तरी.