ओळखीच्या जंतूचं वर्तुळ

जनावरांचे रोग तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिला सगळे पाठीमागे ‘फूटपट्टी’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. ती नोकरीला लागली तेव्हा व्यक्ती तितक्या प्रकृती, असा कारभार होता. जंतू वाढवायच्या बशीत आगराचा, म्हणजे त्यांना पोसणाऱ्या जेलीचा, थर कुणी जाड ओतायचं, कुणी पातळ. मग एकाच गाईच्या जंतूवर एक प्रयोगशाळा म्हणे हे औषध चालेल, दुसरी म्हणे मुळीच नाही. मरायची ती बिचारी गाय. तिने भांडभांडून निदान आपल्या प्रयोगशाळेत तरी नियम करून घेतला: प्रत्येक तपासणीसोबत एक ओळखीचा जंतूही लावायचा. औषधाच्या टिकलीभोवती जंतू मरून जे मोकळं वर्तुळ पडतं, ते त्याच्या बशीत ठरल्या मापाचं आलं, तरच बाकीच्या बश्या खऱ्या. नाहीतर सगळं फेकून पुन्हा पहिल्यापासून.

थोरल्या भावाची वासरं तापाने फणफणली, ढासू लागली. डॉक्टरांच्या नेहमीच्या औषधाने काही फरक पडेना, तेव्हा दादा स्वतः नमुना घेऊन तिच्याकडे आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बशी पाहिली. एका टिकलीभोवती मोठं, स्वच्छ वर्तुळ होतं. तिचा जीव भांड्यात पडला. मग ओळखीच्या जंतूची बशी घेतली. त्याचं वर्तुळही मापापेक्षा मोठं. आगराचा थर पातळ पडला असणार, म्हणजे वासरांचं वर्तुळही फसवं असू शकत होतं. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, भाऊच आहे ना, हळूच सांगून टाक. दादानेही फोन करून अंदाज तरी सांग म्हणून विनवलं. पण चुकीच्या औषधाने वासरं गेली तर? उद्या नक्की सांगते, असं म्हणून तिने सगळं पुन्हा लावलं.

दुसऱ्या खेपेला ओळखीचा जंतू मापात आला. औषध तेच निघालं. तिने लगेच फोन केला, तर वहिनीला रडू आवरेना.

ती गोठ्यावर पोचली तेव्हा एकच वासरू उरलं होतं. डॉक्टर त्याला नवं इंजेक्शन देऊन नुकतेच गेले होते. नियम बरोबर होता, यात तिला तिळमात्र शंका नव्हती, आणि म्हणूनच रागवायचं कुणावर ते तिला कळत नव्हतं.

“कालच्या बशीत हेच औषध दिसलं होतं का गं?” दादाने विचारलं.

पहिल्या बश्या कधीच नष्ट झाल्या होत्या. खोटं बोलली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

“दिसलं होतं, दादा. पण खात्री नव्हती.”

“दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेत नेलं असतं, तर त्यांनी कालच सांगितलं असतं?”

तिला रडू कोसळलं. “हो. सांगितलं असतं.”

दादाने मान हलवली. “सख्खी बहीण आहे, म्हणून तुझ्याकडे आणलं होतं,” तो म्हणाला, आणि पाण्याची बादली उचलून वासराकडे गेला.