अकरा लख्ख दिवस

विद्यापीठाची जीप फाटकाशी थांबली तेव्हा ओदिलिया ओट्यावर बसून मक्याचे दाणे सोलत होती. जीपमधून तिशीची एक मुलगी उतरली. नाकाची सालं निघालेली, काखेत एक चपटी पेटी.

"दोन्या ओदिलिया?" तिनं अदबीनं विचारलं. "मी रोमिना. फोन केला होता मी."

"ये पोरी, आधी सावलीत ये. टोपी घालत नाहीस? नाक भाजून निघेल तुझं."

"निघालंय की," रोमिना हसली.

शेजारचा बार्तोलो नेहमीप्रमाणे चहाला येऊन बसला होता. ऐंशीला टेकलेला म्हातारा, एका कानानं ऐकणारा, दोन्ही कानांनी चोंबडा. त्यानं खुर्ची पुढे ओढली.

ओदिलियाचा नवरा फेर्मीन कोल्के जाऊन बारा वर्षं झाली होती. अडतीस वर्षं त्यानं या गावात उन्हाची नोंद ठेवली. घरामागच्या टेकाडावर खांबावर काचेचा एक भरीव गोळा बसवलेला होता आणि त्याच्या पाठीमागे खाचेत निळ्या पुठ्ठ्याची एक पट्टी. सूर्य सरकेल तशी पट्टीवर जळकी रेघ उमटायची. ढग आला की रेघ तुटायची, हवा धुरकट असली की सकाळी उशिरा सुरू व्हायची. रोज संध्याकाळी पट्टी काढायची, तारीख घालायची आणि महिन्याच्या शेवटी बसनं शहरातल्या हवामान कचेरीत पाठवायची. जिथं दहा वर्षांत एकदा पाऊस पडतो त्या आताकामाच्या वाळवंटात माणसानं ऊन मोजत बसावं, याची गावाला भारी गंमत. "काय फेर्मीन, पडलं का रे आज ऊन?" असं रोज कुणीतरी विचारायचंच, आणि बहुतेक वेळा ते कुणीतरी म्हणजे बार्तोलोच असायचा.

रोमिनानं पेटी गुडघ्यांवर ठेवली. "आम्ही या सगळ्या वाळवंटातल्या पन्नास वर्षांच्या नोंदी गोळा करतोय. जमिनीवर पोचणारं ऊन कमी-जास्त होत गेलंय का, ते पाहायला. तुमच्या यजमानांच्या पट्ट्या सांगतात, की सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून ऊन घटत गेलं आणि नव्वदनंतर पुन्हा वाढलं."

"तो सांगतच होता," ओदिलिया म्हणाली. "रेघ अठरा मिनिटं उशिरा सुरू होते म्हणायचा. गाव हसायचं."

"मी नाही हसलो," बार्तोलो म्हणाला.

"तू सगळ्यात मोठ्यानं हसायचास."

"बरं, असेन हसलो. पण मग ते कमी कशानं झालं? खाणीच्या भट्टीचा धूर ना?"

"असेल," रोमिना म्हणाली. "समुद्रावरचे ढग असतील, धूळ असेल. अजून ठरलेलं नाही. पण त्याआधीच एक अडचण आलीय." तिनं पेटी उघडली. आत एका दोऱ्यानं बांधलेल्या पट्ट्या होत्या. "शहाऐंशीचा जून. आजूबाजूचे सगळे महिने मंद आहेत, आणि मध्येच हे अकरा दिवस एकदम लख्ख. रेघ अगदी वेळेवर सुरू झालेली, जाड, कुठेही न तुटलेली. बाराव्या दिवशी पुन्हा मंद. आमचे सर म्हणतात, त्या अकरा दिवसांत कुणीतरी काच नीट पुसली. म्हणजे बाकीची वर्षं ती घाण होती, ऊन कमी झालंच नव्हतं. तसं असेल तर ती सगळी सोळा-सतरा वर्षं वगळावी लागतील."

ओदिलियाच्या हातातलं कणीस तसंच राहिलं. त्या अकरा पट्ट्यांकडे पाहताना तिचा चेहरा उतरत गेला. तेहेतीस वर्षांनी त्या पुन्हा तिच्यासमोर आल्या होत्या.

"बार्तोलो, तू घरी जा," ती म्हणाली. तो खुर्चीतून उठायला लागला, तसं तिनं त्याची बाही धरली. "नाही, थांब. तूही ऐक. ऐकायलाच हवंस तू." मग ती रोमिनाकडे वळली. "काच फेर्मीन रोज पहाटे पुसायचा. लोकरीचं मऊ फडकं होतं त्याला, त्याला मला हातसुद्धा लावू द्यायचा नाही. हे अकरा दिवस उन्हानं जाळलेले नाहीत, पोरी. मी जाळलेत."

रोमिनानं मांडीवरची पेटी बाजूला ठेवली.

"त्या जूनमध्ये कचेरीचा एक तपासनीस आला होता. टेकाडावर चढला, गोळ्यावर बोट फिरवलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, 'ऊन नाही कमी झालं, कोल्के, तुझी काच घाण आहे. तुला जमत नसेल तर बायकोला पुसायला सांग.' लोक खो-खो हसले. फेर्मीन घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. जेवेना, बोलेना. दुसऱ्या दिवशी उठलाच नाही. मी घाबरले. पट्टी गेली नाही तर त्याची नोकरी जाईल, आणि नोकरी गेली तर हा माणूस उठायचाच नाही, असं वाटलं मला. म्हणून मीच गेले टेकाडावर आणि पट्टी घातली. दिवसभर आग ओतत होतं ऊन, आणि संध्याकाळी बघते तर पट्टी कोरी! काचेलाच राग आला की काय असं वाटलं मला."

"कुठल्या खाचेत घातली होती?"

"मधल्या."

"अगं बाई," रोमिनाच्या तोंडून निघून गेलं. "आपल्याकडे जून म्हणजे हिवाळा. हिवाळ्यात वरच्या खाचेत घालतात. सूर्य खाली असतो ना."

"ते नंतर कळलं मला. तेव्हा कुणाला विचारणार? आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या जूनमधली एक पट्टी त्यानं भिंतीवर लावली होती. तिच्यासारखा दिवस पुन्हा झाला नाही म्हणायचा. ती समोर ठेवली, विणायची सुई चुलीत तापवली आणि तशीच रेघ ओढली. अकरा संध्याकाळी. काढायचंच आहे तर चांगलं ऊन काढू, असं वाटलं. त्याला तेवढं तरी..." ती थांबली. "आणि आता माझ्याच त्या पट्ट्या त्याला खोटं पाडतायत होय?"

रोमिनानं पिशवीतून भिंग काढलं आणि अंगणातल्या उन्हात जाऊन एकेक पट्टी पाहिली. बराच वेळ लागला. परत आली तेव्हा तिनं पट्टी ओदिलियाच्या हातात दिली आणि भिंग तिच्या डोळ्यांसमोर धरलं. "ही कड बघा. उन्हाचा डाग कडेला तपकिरी होत विरत जातो. इथं पुठ्ठा दबलाय, सुईची वाट दिसतेय. आणि अकराच्या अकरा रेघा एकाच मिनिटाला सुरू होतात. आम्ही कुणी भिंग लावून पाहिलंच नव्हतं."

"मग आता?"

"आता हे अकरा दिवस गाळायचे. म्हणजे काच मध्येच स्वच्छ झाली होती, हा आक्षेप उरत नाही. बाकीची वर्षं दुसऱ्या ठिकाणांशी ताडून बघावी लागतील. जुळतील असं मला वाटतं, पण आज वचन देत नाही."

ओदिलियानं मान हलवली. उठून तिनं चूल पेटवली, कारण पाहुणी उपाशी होती. मक्याच्या सूपात वाळवलेलं मांस घालून तिनं तिघांचे वाडगे भरले. बार्तोलो वाडग्यात तोंड खुपसून जेवत होता.

"यजमानांना कळलं का?" रोमिनानं हळूच विचारलं.

"बाराव्या दिवशी उठला तो. आधी पट्ट्या बघायला गेला. एकेक करून खिडकीशी धरली आणि मला विचारलं, 'एवढं ऊन कधी पडलं गं?' मी म्हटलं, 'तू झोपला होतास तेव्हा.' मग तो हसला. बारा दिवसांनी पहिल्यांदा. आणि हसता हसता रडायलाच लागला. माझी बोटं बघितली, सुईनं पोळलेली. त्यांना चरबी चोळत बसला कितीतरी वेळ." ती सूपात चमचा फिरवत राहिली. "फाडायला हव्या होत्या त्यानं त्या. नाही फाडल्या. लिफाफ्यात घातल्या आणि पाठवून दिल्या. आयुष्यात तेवढा एकच खोटेपणा केला माझ्या नवऱ्यानं, तोही माझ्या हातचा. पुढे रोज संध्याकाळी मला बरोबर घेऊन टेकाडावर जायचा. कुठली खाच कधी, सगळं शिकवलं. मीच पट्टी काढायची, तो नुसता शेजारी उभा."

रोमिनानं डोळे पुसले आणि उन्हानं डोळ्यांत पाणी येतं असं काहीतरी पुटपुटली.

दोन महिने गेले. एका दुपारी फोन वाजला तेव्हा बार्तोलो ओट्यावर होताच. ओदिलियानं फोनचा आवाज मोठा केला.

"दोन्या ओदिलिया, जुळलं! आणखी तीन ठिकाणच्या नोंदी यजमानांच्या पट्ट्यांशी जुळतात. ऊन खरंच कमी झालं होतं आणि पुढे पुन्हा वाढलं. सगळ्यात नीट नोंदी त्यांच्याच आहेत, सरांनी स्वतः म्हटलं."

"पुन्हा सांग पोरी."

रोमिनानं पुन्हा सांगितलं.

"अजून एकदा."

बार्तोलोनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली होती. "मी पहिल्याच वेळी ऐकलं," तो खालच्या मानेनं म्हणाला.

"तू गप्प बस," ओदिलिया म्हणाली. "तुझ्यासाठी नाही विचारत मी." आणि फोन कानाशी घट्ट धरून ती तिसऱ्यांदा ऐकू लागली.