गौरीच्या दुपारचा पोकर

गौरींचं जेवण आटोपलं की आमच्याकडे पत्ते निघतात. पूर्वी तीनपत्ती असायची. मग बंदराबाहेर ट्रकच्या रांगेत ताटकळत यांनी पोकर शिकून घेतला आणि अख्ख्या घराला लावला. पैशाला मनाई. प्रत्येकाला सारखेच चिंचोके. संपले की पुन्हा मागायचे नाहीत, उठायचं. शेवटी ज्याच्यापुढे सगळे चिंचोके, तो जिंकला.

यंदा हे, म्हणजे विनेश, पानं वाटायच्या आधीच म्हणाले, "मी जिंकलो तर विसर्जन झाल्यावर ट्रक परत मीच काढणार. डोकं चालतंय की न्हाय, बघाच."

शिमग्यात त्यांना पॅरालिसिसचा झटका आला होता. हात-पाय सुधारले, पण स्टेअरिंगला शिवायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. धाकट्या दिरांनी, धनेशनी, आणि मी एकमेकांकडे बघितलं. सणाचा दिवस. 'नको' कुणीच म्हणालं नाही.

आमच्या प्राप्तीनं अगरबत्ती लावली. एक अगरबत्ती संपली की ब्लाइंड दुप्पट. ब्लाइंड म्हणजे पानं बघायच्या आधीच पाळीपाळीनं टाकावे लागणारे चिंचोके. नुसतं गप्प बसलं तरी ढीग झिजतो. "सुरवातीला हात आखडून खेळा," असं हे शिकवायचे, "पानं चांगली असली तरच उतरा. ब्लाइंड वाढले की मात्र वाट बघत बसायचं न्हाय, घुसायचं. आणि बोलायची पाळी शेवटची आली तर बरंच. बाकीच्यांनी काय केलं ते दिसलेलं असतं."

घरच्यांनी यातलं काही म्हणजे काही केलं नाही. यांनी चिंचोके पुढे सरकवले की भावजी पानं टाकून मोकळे. एकदा टाकलेली पानं उताणी पडली. दोन एक्के!

"भावजी, हे काय?"

"आजारी माणसाला बाहेर काढू काय, वहिनी?" ते पुटपुटले.

मायेनं सगळे मिळून त्यांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवत होते. मग मीच पदर खोचला. नवऱ्याला हरवायचं तर त्याचीच शिकवण कामाला आली. हलकी पानं सोडत गेले, ब्लाइंड वाढल्यावर घुसले. आधी प्राप्ती उठली, मग भावजी.

"आई, बाबांना तरी जिंकू दे हां," प्राप्ती कानात म्हणाली.

आता आम्ही दोघंच. माझा ढीग जरासा मोठा. माझ्या हातात दोन नव्व्या. मधे सगळ्यांसाठी पाच पानं एका ओळीत उघडली गेली. यांचा चेहरा खुलला. दोन्ही हातांनी सगळे चिंचोके पुढे लोटत म्हणाले, "ऑल इन. बोल, हाय हिंमत?"

"हाय," मी म्हटलं.

त्यांनी एक्का आणि राजा उघडून ठेवला. "मधे एक राजा, माझा एक. जोडी!"

मी माझी पानं ठेवली.

"नव्व्यांची जोडी? राजापुढं? जिंकलो की!"

"बाबा, तीन नव्व्या आहेत," प्राप्ती म्हणाली. "एक मधे आहे ना."

"कुठाय?"

ते राजापासून पुढची पानं बोटानं चाचपत होते. भावजींनी हळूच त्यांची हनुवटी धरून मान डावीकडे वळवली. ओळीच्या टोकाला नव्वी होती.

"ही कधी आली?"

"सगळ्यात आधी," मी म्हटलं.

त्यांनी मान सरळ केली. पुन्हा डावीकडे नेली. पुन्हा सरळ. पान यायचं आणि जायचं, त्यांच्या तोंडावरच दिसत होतं.

"तुला ठाऊक होतं?"

"नाही हो. ताटातली डावीकडची चटणी तशीच राहायची तुमची. लिंबू पण. मला वाटलं, तोंडाची चव गेली."

"चटणी वाढायचीस तू?"

त्यांनी मान वळवून ते पान उचललं आणि माझ्या दोन नव्व्यांवर ठेवलं.

"धनेश, गाडीला ड्रायव्हर बघ."

"कसा ड्रायव्हर बघू, दादा?"

"डावीकडचं दिसणारा," हे म्हणाले आणि एकटेच हसले.