गोरं केलेलं तळं

तालुक्याच्या बसस्टँडसमोर हेमराजचा फोटो स्टुडिओ होता आणि त्याच्या शोकेसमधल्या सगळ्या नवऱ्या गोऱ्या होत्या. तो स्वतः चिचबोडी गावच्या ढिवरांच्या, मासेमारांच्या घरातला. गावच्या मुली उन्हात धानाची रोवणी करत, तळ्यात जाळं ओढत. पण लग्नाच्या अल्बममध्ये त्यांना तसं दिसायचं नसे. रंगीत रोल धुवायला चंद्रपूरच्या लॅबमध्ये जात. सकाळच्या एसटीच्या ड्रायव्हरजवळ रोल द्यायचा, दुसऱ्या दिवशी त्याच्याचकडून फोटोंचं पाकीट घ्यायचं. लॅबमधल्या भूपेशला हेमराजनं फार पूर्वीच सांगून ठेवलं होतं की काळपट काही येऊ द्यायचं नाही.

त्या हिवाळ्यात चिचबोडीच्या तळ्यातले मासे मेले. वरच्या अंगाला उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाची गिरणी सुरू झाली होती. धान भिजवून, उकडून उरलेलं पाणी गिरणीनं नाल्यात सोडलं आणि नाला तळ्यात उतरला. एका सकाळी रोहू, कतला पोट वर करून काठाला लागले. वर येऊन हवा घेणारी मरळ तेवढी तग धरून होती. गावातली निम्मी घरं त्या तळ्यावर जगत. मच्छीमार संस्थेच्या अध्यक्ष रुखमाबाईंनी तहसीलमध्ये अर्ज दिला, सुनावणीची तारीख मिळाली, तसं त्यांनी हेमराजला बोलावून घेतलं.

"तू फोटो काढ, बापा," त्या म्हणाल्या. "आमचं बोलणं तिथी कोणी आयकत नाई. फोटो तं पाहाच लागन."

हेमराजनं नाकाला रुमाल बांधून अख्खा रोल संपवला. पाणी चहाच्या चोथ्यासारखं झालं होतं आणि वास असा की घरी येऊन आंघोळ केली तरी जाईना.

सुनावणीच्या दिवशी एसटी उशिरा आली. ड्रायव्हरच्या हातातून पाकीट घेऊन हेमराज तसाच तहसीलकडे पळाला आणि न उघडताच ते नायब तहसीलदारांच्या टेबलावर ठेवलं. साहेबांनी फोटो पसरले. मागं उभ्या असलेल्या हेमराजनं ते तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

तळं निळसर हिरवं दिसत होतं. मासे चांदीसारखे चमकत होते.

"पाणी तर चांगलं दिसतंय," साहेब म्हणाले. "हे मासे मेलेत की तुम्ही पकडून मांडलेत?"

गिरणीचा मॅनेजर बाजूच्याच खुर्चीवर होता. अर्जदार उभे आणि ज्याच्याविरुद्ध अर्ज तो बसलेला. त्यानं एक फोटो उचलून पाहिला. "छान आलाय. आमच्या कॅलेंडरला द्या हा."

साहेब हसले. तक्रारीत तथ्य दिसत नाही, असं सांगून त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

बाहेर आल्यावर रुखमाबाईंनी फोटो एकेक करून पाहिले. मग म्हणाल्या, "नवरीले सजवतेस तसं तू तळ्यालेबी सजवून आणलं. हळद लावाची राह्यली फक्त."

हेमराज मिळेल त्या एसटीनं चंद्रपूरला गेला. भूपेश मशीनवर बसला होता.

"माह्या तळ्याचं काय करून ठेवलं तू?"

"काय केलं? सगळा रोल पिवळा, काळपट आला होता. मी काढून टाकला तो रंग." भूपेशला खरंच कळेना. "तूच तं म्हणतेस, भाऊ, काळं येऊ देऊ नको. काऊन, चांगलं नाई आलं का?"

हेमराज भांडायला आला होता, पण भूपेशनं त्याचंच ऐकलं होतं. इतकी वर्षं गावच्या मुलींवर जे केलं, तेच या खेपेला तळ्यावर झालं होतं, आणि त्याचा फायदा गिरणीला मिळाला होता. तोच रोल पुन्हा छापून नेला, तर साहेब विचारणार, यातले खरे कोणते. फोटोत काही पांढरं असलं पाहिजे, असं त्याच्या मनात आलं. रंग बदलले की पांढरंही बदलतं; पांढरं पांढरंच दिसलं, तर बाकीचे रंगही खरे, हे कोणालाही कळेल.

दुसऱ्या दिवशी रुखमाबाईंनी कोरा पांढरा दुपट्टा अर्धा तळ्यात बुडवला आणि दोन्ही हातांनी उंच धरला. वर पांढरा, खाली तपकिरी, मागं मेलेले मासे. तो रोल हेमराज स्वतः घेऊन गेला आणि फोटो निघेपर्यंत भूपेशच्या खांद्याशी उभा राहिला. पाणी जसं होतं तसं आलं. रुखमाबाईही जशा होत्या तशा आल्या, सावळ्या, उन्हानं रापलेल्या, कपाळाला आठ्या.

दोघं पुन्हा तहसीलमध्ये गेले, तर साहेबांनी तो फोटो लांबूनच पाहिला. "दुपट्टा तुम्ही कशात बुडवला, हे मला काय माहीत?"

"तळं तिथीच हाय, साहेब," रुखमाबाई म्हणाल्या. "चाला."

"मला तेवढंच काम आहे का?"

हेमराजची कानशिलं तापली. पहिला फोटो साहेबांना लगेच खरा वाटला होता, कारण तो सोयीचा होता. स्टुडिओत येऊन त्यानं शोकेसमधल्या सगळ्या नवऱ्या काढल्या, आणि रुखमाबाईंचा तो फोटो मोठा करून काचेमागं एकटाच लावला. खाली लिहिलं: चिचबोडीचं तळं. साहेब अजून आले नाहीत.

एसटीची वाट पाहणाऱ्यांना दुसरं काम नसतं. लोक काचेला नाक लावून वाचू लागले. पानठेल्यावर साहेबांच्या शिपायाला विचारू लागले, "काऊन रे, तुह्या साहेबाले पाण्याची भीती वाटते का?" गिरणीच्या शेठनं मुलीच्या लग्नाच्या फोटोंचं ठरलेलं काम हेमराजकडून काढून घेतलं. फोटो हलला नाही.

शेवटी साहेब स्वतःच स्टुडिओत आले. "हे काय लावलंय? काढा ते."

"तळ्यावर याल का, साहेब?"

"येतो. आधी ते काढा."

"मंग तिथून आल्यावर काढतो."

जीप चिचबोडीला गेली तेव्हा सगळं गाव तळ्याच्या पाळीवर जमलं होतं. साहेबांनी रुमाल नाकाला लावला. हेमराजनं पिशवीतून नवा पांढरा दुपट्टा काढला, घडी मोडली आणि त्यांच्यापुढं धरला.

"या खेपेला तुम्हीच बुडवा."

साहेबांनी इकडंतिकडं पाहिलं. कोणी हललं नाही. त्यांनी दोन बोटांत टोक धरून दुपट्टा पाण्यात सोडला. वर काढला तेव्हा त्याच्या टोकावरून तपकिरी थेंब त्यांच्या बुटांवर पडू लागले. हेमराजनं कॅमेरा डोळ्याला लावला तसा सवयीनं त्यांनी चेहरा हसरा केला.

"हासू नका, साहेब," रुखमाबाई शांतपणे म्हणाल्या. "लग्नाचा नाई हा फोटो."

हेमराजनं बटण दाबलं.